आर्चटॉपचा व्हॉल्यूम पॉट बदलायला पाठ उघडावी लागत नाही

पुण्यात गिटारवाल्यांच्या गप्पांत हे वर्षानुवर्षं फिरतंय, आर्चटॉपला (फुगीर पुढच्या फळीची पोकळ गिटार) मागे झाकण नसतं म्हणून पॉट, म्हणजे नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग, गेला की पाठच उघडायची. अहो, काहीही! आत जायचा रस्ता समोरच आहे, एफ-होल, म्हणजे पुढच्या फळीतली f आकाराची फट.

पहिलं म्हणजे पॉट खरंच गेलाय का ते बघा, नुसतं खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. फ्लोटिंग पिकअप (फळीत न कोरता वर तरंगता बसवलेला) असेल तर पॉट बहुतेक पिकगार्डलाच, म्हणजे तारांशेजारच्या संरक्षक पट्टीलाच असतो, मग आत जायचा प्रश्नच नाही.

बदलायचाच असेल तर नॉब आणि नट काढून शाफ्टवर फिश टँकची बारीक नळी घट्ट बसवा आणि पॉट आत ढकलून एफ-होलमधून वाकड्या तारेनं बाहेर ओढा, नळीचं दुसरं टोक मात्र भोकाबाहेर टेप लावून ठेवा. खाली पुठ्ठा ठेवून सोल्डरिंग करायचं, नवा पॉट त्याच नळीला लावायचा आणि ओढला की शाफ्ट बरोबर भोकातून वर येतो. एफ-होल अरुंद असेल तर मिनी पॉट घ्या.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास पॉट मिळतात, पण ए५००के मागा, ए म्हणजे ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा बदलल्यासारखा वाटतो), ५००के म्हणजे ५०० किलोओहम; बी म्हणजे लिनिअर, त्यात आवाज नॉबच्या एका टोकालाच झपकन बदलल्यासारखा वाटतो. आणि सगळ्या तारा एकदम सोडू नका, ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असतो, सरकला की इंटोनेशन, म्हणजे वरच्या पट्ट्यांवरचे सूर जुळणं, गेलं.