स्टॅम्पवरची फारकत चालत नाही: घटस्फोटाचा अर्ज, कागदपत्रं आणि वकिलाशी व्यवहार

खान्देशात अजूनही चार नातेवाईक ओट्यावर बसतात, पाचशेच्या स्टॅम्पवर ‘आता एकमेकांवर हक्क नाही’ असं लिहून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि फारकत झाली म्हणून मोकळे होतात. हिंदू विवाह कायदा ज्यांना लागू आहे (बौद्ध, जैन, शीखही त्यात आले), त्यांचा घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. समाजाची काडीमोडीची रूढी कायदा मानतो, पण ती जुनी आणि चालत आलेली आहे हे सिद्ध करावं लागतं. नुसत्या स्टॅम्पच्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही, तिथे रूढीच बघतात. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत जमात सांगा.

परस्पर संमतीने अर्ज करायचा तर दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा संमती द्यावी लागते. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा अवधी योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो. संमती नसेल तर छळ, व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं अशी कारणं पुराव्यासह मांडावी लागतात.

नवरा कामाला सुरतला आणि बायको माहेरी अमळनेरला, हे आपल्याकडे घरोघरी. अशा बाईला सुरतच्या फेऱ्या मारायची गरज नाही, ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे दिवाणी न्यायालयात जायचं.

सोबत काय न्यायचं? दोघांची आधार कार्डं, लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला (नोंदणी नसली म्हणून लग्न खोटं ठरत नाही), मुलांचे जन्मदाखले आणि आंदणाच्या वस्तूंची यादी. सोन्याच्या पावत्या सापडल्या तर उत्तमच.

खरी ओढाताण पोटगीत होते. २०२० पासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. नोकरदाराची पगार स्लिप मिळते, पण रावेर-यावलचा केळीवाला ‘शेतीत काही उरत नाही’ एवढंच सांगतो. तेव्हा सातबारा आणि आठ-अ (त्याच्या नावावरच्या जमिनीचा उतारा) काढा. पीकपेऱ्यात केळी लागलेली दिसते, त्यावरून अंदाज बांधता येतो. व्यापाऱ्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या), कापसाची बिलं, सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचं आरसी बुक, जे हाताशी येईल त्याची झेरॉक्स वकिलाला द्या. मूळ कागद स्वतःजवळच ठेवा.

वकीलपत्रावर (वकिलाला आपल्या वतीने उभं राहायचा अधिकार देणारा कागद) सही करताना नाव आणि मजकूर वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग वकील कितीही ओळखीचा असो. फी आधी ठरवून पावती मागा. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागणं वकिलांच्या नियमात बसत नाही. दोघांचा एकच वकील नको, स्वस्तात पडतो पण पुढे भांडण झालं तर तो कुणाच्याच बाजूने नीट उभा राहू शकत नाही. कौटुंबिक न्यायालयात वकील लावायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि समुपदेशकासमोर तुम्हालाच बोलावं लागतं. तिथे वकिलाने पढवलेलं सांगू नका, लगेच कळतं.

फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. घटस्फोट, पोटगीच्या दाव्यात बायकांना महाराष्ट्रात कोर्ट फीही माफ आहे, कुणी मागितली तर विचारा.

प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (न्यायालयाने प्रत्येक प्रकरणाला दिलेला ओळख क्रमांक) लिहून घ्या, ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. निकाल लागला की हुकूमनाम्याच्या दोन प्रमाणित प्रती काढा. पासपोर्ट, रेशन कार्ड, बँकेत एक लागतेच. अपिलाची मुदत संपल्याशिवाय मात्र दुसऱ्या लग्नाची तारीख ठरवू नका.