कुंभारणीसारखी दिसणारी होव्हरफ्लाय फोटोवरून ओळखायची तर: थोडी पार्श्वभूमी

मोनोसेरोमाया आणि सेरियाना ह्या वंशांतल्या होव्हरफ्लाय (हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्या) आपल्याकडे क्वचितच दिसतात, आणि दिसल्या तरी बहुतेकांना ती कुंभारीणच (मातीचं घरटं करणारी गांधीलमाशी) वाटते, त्यामुळे फोटो सरळ गांधीलमाशांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. पंखांची एकच जोडी आहे, गांधीलमाशीला दोन असतात, हे कोणीतरी दाखवून देतं आणि मग खरा वाद सुरू होतो, फोटोवरून प्रजातीचं नाव द्यायचं का वंशावर, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटावर, थांबायचं?

अडचण मुळात जुन्या साहित्यापासून आहे. ब्रिटिश इंडियाच्या प्राण्यांवरच्या मालिकेतला माश्यांवरचा (डिप्टेरा) तिसरा खंड 1923 चा, लिहिणारा व्यवसायाने संगीतकार, आणि आजही आपण तोच स्कॅन उघडून बसतो. त्यातली वर्णनं टाचणीवरच्या नमुन्यांची, भिंगाखाली फिरवून बघितलेली. मोनोसेरोमाया हा वंश जेमतेम एक वर्ष आधी, 1922 ला वेगळा काढलेला, म्हणून त्याआधीच्या वर्णनात ह्याच माशा दुसऱ्या वंशाच्या नावाखाली शोधाव्या लागतात. वंशापर्यंत फोटो चालतो. कपाळावर दांडा आणि त्याच्या टोकाला अँटेना, शिवाय पोटाला बारीक कंबर, तर मोनोसेरोमाया. दांडा आहे पण कंबर नाही, तर सेरियाना. दांडाच नसल्यासारखा, तर स्फिक्सिमॉर्फा. त्यापुढे दांडा अँटेनाच्या पहिल्या भागाच्या मानाने किती लांब वगैरे मोजायचं असतं आणि ते वरून काढलेल्या एका फोटोत दिसतच नाही.

आता फोटोला पुरावा मानायचं का, हा प्रश्न आपल्या देशात आधी गाजला तो माकड आणि पक्ष्यावरून. 2005 ला अरुणाचलमधलं मुंझाला माकड फोटोंवरून नवीन प्रजाती म्हणून जाहीर झालं, 2006 ला तिथलाच बुगुन लिओसिक्ला हा पक्षी, एकही न मारता, पिसं आणि फोटोंवर. तेव्हा कुरबूर झाली, पण दुर्मिळ प्राणी मारायचा कशाला हे लोकांना पटत होतं. माशीच्या बाबतीत मात्र 2015 ला भडका उडाला, दक्षिण आफ्रिकेतली एक बी-फ्लाय (मधमाशीसारखी दिसणारी माशी) नमुना न ठेवता निव्वळ फोटोंवरून नवीन प्रजाती ठरवली गेली आणि पुढच्याच वर्षी 493 जणांच्या सहीचं विरोधाचं पत्र छापून आलं. 2017 ला नामकरणाच्या नियमांत खुलासा आला की असं नाव वैध ठरू शकतं पण नमुना का ठेवला नाही ते नीट सांगा. दोन्ही बाजू ऐकल्या तरी मला विरोधकांचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं आणि कारण होव्हरफ्लायमध्येच आहे. युरोपात प्लॅटिकायरस स्कुटाटस नावाची साधी, सगळीकडे सापडणारी माशी होती, 1998 ला तिच्यातून स्प्लेंडिडस वेगळी निघाली, 2002 ला ऑरोलॅटरॅलिस. नर ओळखायचे पायांच्या बारीकसारीक रचनेवरून. संग्रहातले जुने नमुने बाहेर काढून परत तपासता आले. पाठीवरून काढलेल्या फोटोत पायच नसतील तर तपासणार काय?

नवीन प्रजाती जाहीर करणं आणि आपण टाकलेल्या फोटोला नाव देणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य, पण 2017 पासूनच आपण जिथे नोंदी टाकतो ते ॲप फोटो बघून नाव सुचवायला लागलं आणि तेव्हापासून दोन्हीकडे धोका एकच झालाय. ॲपला ज्यांचे भरपूर फोटो मिळालेत तेवढ्याच प्रजाती माहीत, म्हणजे दुर्मिळ माशीला ते जवळच्या ओळखीच्या माशीचं नाव चिकटवतं, पहिला माणूस ते स्वीकारतो, दुसरा सहमत होतो, आणि दोन मतांवर नोंद पक्की म्हणून पुढे जाते. भारतात साडेतीनशेच्या आसपास होव्हरफ्लाय नोंदलेल्या आहेत आणि ह्या गटाची फोटोवरून खात्रीने प्रजाती सांगू शकणारे लोक अगदी मोजके आहेत, मग चूक अडवणार कोण, आणि चुकीच्या नावाला दोन मतं मिळायला कितीसा वेळ लागतो.

म्हणून झाडाच्या वाहत्या रसावर किंवा फुलावर ही माशी दिसली तर पाठीचा फोटो झाल्यावर लगेच निघू नका. डोक्याचा अगदी बाजूने, दांडा आणि अँटेना दोन्ही फोकसमध्ये येतील असा एक घ्या, चेहऱ्याचा समोरून, पोटाच्या पहिल्या दोन खंडांचा वरून आणि बाजूने, पंख पसरलेला असेल तर शिरांचा. झाड कोणतं तेही लिहा. बाजूचा फोटो नसेल तर नोंद मोनोसेरोमाया किंवा सेरियाना एवढ्या वंशाच्या नावावरच ठेवा आणि कोणी पुढचं नाव सुचवलं तर ते कशावरून, एवढं विचारा.