सभागृह बंद असतानाची चार वर्षे : एका अर्धवट राहिलेल्या बातमीची पार्श्वभूमी

सोलापूर महानगरपालिकेच्या मागील सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढचे मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले. मधल्या जवळपास चार वर्षांत, 2011 च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख लोकवस्ती असलेल्या या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. निवडणूक लांबल्याच्या बातम्या वेळोवेळी छापून आल्या; मात्र त्या काळात शहराचे निर्णय कोणी आणि कोणाला विचारून घेतले, याचा सलग मागोवा घेणारी एकही वृत्तमालिका माझ्या वाचनात आलेली नाही.

74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण व्हावी, असे बंधन घातले. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हे बंधन पुन्हा अधोरेखित केले होते. तरीही महाराष्ट्रात ते मोडले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठी तिहेरी चाचणी (आयोगामार्फत पाहणी, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा) अनिवार्य ठरली, त्यानंतर ही पाहणी करण्यासाठी बांठिया आयोग आला, प्रभागरचना एका सरकारने बदलली आणि दुसऱ्या सरकारने ती फिरवली, ऑगस्ट 2022 मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले आणि पुढे 31 जानेवारी 2026 ही अंतिम मुदत दिली.

हा न्यायालयीन तपशील बहुतेकांना ठाऊक आहे. सोलापुरात त्याचा परिणाम काय झाला, ते मात्र नीट लिहिले गेले नाही. 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहात 102 नगरसेवक होते. त्यांच्यातले वाद कितीही कर्कश असले, तरी त्या वादांतूनच बातमी बाहेर येत असे. स्थायी समितीपुढे निविदेचा विषय आला की विरोधक फाईल मागत, सर्वसाधारण सभेत उपसूचना येत, एखादा प्रस्ताव तहकूब होई आणि पत्रकार कक्षात बसलेला बातमीदार हे सारे टिपून घेई. सभागृहाच्या जागी नेमलेल्या सरकारी प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या सहीत एकवटले. ठराव होत राहिले, पण त्यांच्यावर चर्चा झाली नाही. चर्चाच नसल्यामुळे वृत्तपत्रांच्या हाती बहुतेक वेळा उरले ते प्रसिद्धिपत्रक. बातमीदारांनी आळस केला असे मी म्हणणार नाही. बातमी जिथून निघत असे ती जागाच बंद झाली होती.

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. पाळीच्या दिवशी पिंपे, घागरी, बादल्या दारात मांडून बायका थांबतात आणि पाणी आले नाही तर पहिला फोन नगरसेवकाला जातो. या चार वर्षांतही फोन त्याच माणसाला जात होता, पण तो ‘माजी’ झालेला होता आणि त्याच्या सांगण्याला विभागीय कार्यालयात अधिकृत वजन उरले नव्हते. उजनी, टाकळी आणि हिप्परगा अशा तिन्ही ठिकाणांहून पाणी घेणाऱ्या शहरात वितरणाचे वेळापत्रक सभागृहात जाहीरपणे विचारण्याचा हक्क इतका काळ कोणालाच नव्हता, ही साधी अडचण नव्हे.

ज्या नगरपालिकेच्या इमारतीवर 6 एप्रिल 1930 रोजी पारतंत्र्यातही राष्ट्रध्वज फडकवण्यात आला, तिच्या वारसदार संस्थेबद्दल हे लिहावे लागते, याचे मला मनापासून दुःख होते.

निवडणूक झाली म्हणून हा विषय संपला, असे स्थानिक दैनिकांनी आणि वृत्तवाहिन्यांनी मानू नये. मार्च 2022 पासून नवे सभागृह येईपर्यंत प्रशासकांनी केलेले ठराव दप्तरी आहेत आणि माहिती अधिकारात ते मागता येतात. चार वर्षांची अंदाजपत्रके, करांचे निर्णय, दिलेली कंत्राटे आणि त्यांना मिळालेल्या मुदतवाढी एकेक करून वाचकांपुढे मांडाव्यात. त्यांतले कोणते ठराव नव्या सभागृहाने तपासायला घेतले आणि कोणते तसेच राहू दिले, हेही त्याच मालिकेत यावे.