‘लहान आहे, विसरून जाईल’

युद्धातून निसटलेल्या मुलांची छायाचित्रे वृत्तपत्रात आली की ‘लहान आहेत, विसरून जातील’ असे कोणीतरी म्हणतेच. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटिश सरकारने शहरांतली लाखो मुले आगगाड्यांत बसवून खेड्यांत पाठवली, तेव्हाही मूल बॉम्बपासून लांब नेले की काम झाले, असाच हिशेब होता. त्याच डिसेंबरात जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या डॉक्टरांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांना असे दूर पाठवणे धोक्याचे असल्याचा इशारा एका वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रातून दिला.

या इशाऱ्याला निरीक्षणांचा आधार मिळाला तो लंडनमधील हॅम्पस्टेडच्या बालगृहांत. व्हिएन्नाहून स्वतः निर्वासित म्हणून आलेल्या मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह 1941 पासून ती चालवली. आई शांतपणे जवळ असेल तर बॉम्बवर्षावही मूल बऱ्यापैकी सोसते, पण आईपासूनची ताटातूट त्याला मोडून टाकते, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी चार-पाच मुलांमागे एक सांभाळणारी नेमून छोटी ‘कुटुंबे’ केली. लगेच मत्सर आणि रडारड उफाळली. परंतु जीव लावायला हक्काचे माणूस मिळाल्याचेच ते लक्षण होते.

आई जवळ असली की मूल का सोसते, याचे उत्तर शरीरात आहे. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला हा भाग हायपोथॅलॅमसला जागे करतो, तिथून निरोप पियूषिका ग्रंथीकडे आणि पुढे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींकडे जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. थोडा वेळ हे उपयोगाचे असते. महिनोन्महिने चालू राहिले, तर घडणीत असलेल्या मेंदूला ते जाचते. उंदराच्या सुमारे बारा दिवसांच्या पिलाला विशिष्ट वासाबरोबर सौम्य विजेचा झटका दिला, तर ते तो वास टाळायला शिकते. मात्र त्याच वेळी आई पिंजऱ्यात असेल, तर त्याच्या रक्तातले कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक वाढत नाही, अमिग्डाला या शिकण्यात भागच घेत नाही आणि पिलू त्या वासाकडे उलट ओढले जाते. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. तरीही विश्वासाचे माणूस जवळ असताना लहान मुलांचेही कॉर्टिसॉल कमी चढते, असे आढळले आहे. त्यामुळे अंथरूण ओले करणाऱ्या वा दचकून उठणाऱ्या मुलाला गंडेदोरे बांधणे जितके निरर्थक, तितकेच एका बैठकीत ‘ट्रॉमा’ म्हणजे मनावरचा आघात काढून टाकण्याचे दावेही पोकळ.

आईच उरली नसेल तर काय? नाझींच्या टेरेझिन छळछावणीतून वाचलेली तिनेक वर्षांची सहा अनाथ मुले ऑक्टोबर 1945 मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात आणली गेली. ती मोठ्यांना चावत, थुंकत, खेळणी मोडत; पण एकमेकांवाचून क्षणभर राहत नसत आणि जेवताना स्वतः खाण्याआधी शेजाऱ्याला घास पुरवत. सांभाळणाऱ्या डॅन भगिनींनी त्यांना वेगळे केले नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्या छावणीतही मुलांसाठी पोलिश शाळा होत्या, स्काउट पथके होती आणि अनाथ मुलांना एकत्र ठेवणारे बालगृहही होते.