स्नोड्रॉपचं फूल मोठं कसं झालं

स्नोड्रॉप म्हणजे हिवाळ्याअखेर कंदातून उगवणारं छोटं पांढरं फुलझाड. युरोपातल्या रानात उगवणाऱ्या साध्या स्नोड्रॉपची, म्हणजे गॅलँथस निव्हॅलिसची, बाहेरची पाकळी साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर लांब असते. अशा तीन पांढऱ्या पाकळ्या बाहेर, आत तीन आखूड, आणि आतल्या प्रत्येकीच्या टोकाशी खाचेभोवती एक हिरवा ठिपका. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली नाव दिलं ते याच फुलाला. ब्रिटनमध्ये फेब्रुवारीतल्या एखाद्या बागेत याच्याशेजारी 'एस. आर्नॉट' ही मोठ्या फुलांची जात उभी असली, तर फरक कळायला मोजपट्टी लागत नाही. हा मोठेपणा नुसत्या खतपाण्यातून आलेला नाही. तो पूर्वेकडून आलेल्या दोन प्रजातींच्या रक्तातून आला आहे.

पहिली प्रजाती क्रिमियाकडची, गॅलँथस प्लिकॅटस. तिचे कंद जुन्या वनस्पतीप्रेमींना आधीपासून ठाऊक होते, पण १८५३ ते १८५६च्या क्रिमियन युद्धानंतर ती ब्रिटन-आयर्लंडच्या बागांत खऱ्या अर्थाने रुजली, कारण परतणाऱ्या सैनिकांनी कंद सोबत आणले. लॉर्ड क्लॅरिना यांनी आणलेले कंद आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातल्या स्ट्रॅफन हाऊसमध्ये पोचले. तिथे साध्या स्नोड्रॉपशी झालेल्या संकरातून एक रोप निघालं, तेच आजचं 'स्ट्रॅफन'. याचा जोमदार कंद एकामागून एक असे दोन फुलांचे दांडे देतो. पहिलं फूल उतरणीला लागतं तेव्हा दुसरं वर येतं.

दुसरी प्रजाती तुर्कस्तानची. इंग्लंडमधले वनस्पतिसंग्राहक हेन्री जॉन एल्विस यांना १८७४च्या वसंतात स्मर्नाजवळच्या, म्हणजे आजच्या इझमिरजवळच्या डोंगरांत मोठ्या फुलांचा एक स्नोड्रॉप सापडला. पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी त्याला गॅलँथस एल्विसाय हे नाव दिलं. एल्विस यांची ग्लॉस्टरशरमधली कोल्सबोर्नची बाग आजही स्नोड्रॉपसाठी ओळखली जाते. या शोधाची दुसरी बाजू मात्र वाईट आहे. तुर्कस्तानच्या डोंगरांतून हे कंद उपसून प्रचंड संख्येने युरोपात विकले गेले. १९९०पासून संपूर्ण गॅलँथस वंश साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे कंद सीमेपार न्यायचा तर परवाना लागतो.

एखाद्या संकरित जातीत कुणाचं रक्त आहे याचा पहिला अंदाज फुलावरून नव्हे, पानावरून बांधावा. कोंब जमिनीतून नुकता वर येत असताना बुंध्याशी वाकून बघा. निव्हॅलिसची दोन पानं नमस्कारातल्या तळव्यांसारखी समोरासमोर चिकटलेली असतात. प्लिकॅटसच्या पानाच्या दोन्ही कडा मागे वळलेल्या असतात, शिवताना कापडाची कड दुमडावी तशा. एल्विसायचं रुंद, राखाडी-निळसर पान दुसऱ्या पानाला बुंध्याशी गुंडाळून घेतं. संकरात या खुणा अर्ध्यामुर्ध्या दिसतात, एखादीच कड जराशी वळलेली असते. नाव हरवलेल्या जुन्या जाती ओळखताना हीच खूण सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

ग्लॉस्टरशरच्याच पेन्सविकमध्ये जेम्स ॲटकिन्स राहत. त्यांच्या नावाची 'ॲटकिन्सी' ही लांबट पाकळ्यांची जात जानेवारीतच फुलते. मुद्दाम बी पेरून निवड करण्याचं काम मात्र सॉमरसेटच्या शेप्टन मॅलेटमध्ये जेम्स ॲलन यांनी केलं. त्यांनी शंभराहून जास्त रोपं वेगळी काढली. लांब, बारीक देठावर झुलणारा 'मॅग्नेट' आणि आतल्या पाकळ्या जवळजवळ पूर्ण हिरव्या असलेला 'मर्लिन' ही त्यांचीच देणगी. १८९१ साली लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने भरवलेल्या स्नोड्रॉप परिषदेत त्यांनी निबंध वाचला. पुढे करडी बुरशी आणि कंद पोखरणारी नार्सिसस माशी या दोघांनी त्यांचा बराचसा संग्रह संपवला. एवढं काम डोळ्यांदेखत नाहीसं व्हावं, ही या फुलाच्या इतिहासातली सगळ्यात दुःखद गोष्ट.

हे दोन्ही शत्रू आजही तेच आहेत. बॉट्रायटिस गॅलँथिना ही बुरशी उबदार, दमट हिवाळ्यात वर येणाऱ्या कोंबावर करड्या लोकरीसारखी दिसते. कोंब पिळवटतो आणि कंद सडतो. असा गड्डा, म्हणजे एकत्र वाढलेल्या कंदांचा पुंजका, भोवतालच्या मातीसकट काढून बागेबाहेर टाकावा, कंपोस्टात कधीही नाही. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. म्हणून फुलं सरल्यावर नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं खत द्यावं. माशी मे-जूनच्या उन्हात सुकत्या पानांच्या बुडाशी अंडं घालते. अळी कंदात शिरून गाभा पोखरते. बोटांत दाबल्यावर कंद मऊ लागला तर आत अळी आहे असं समजावं. पानं पिवळी पडताच मातीतली भोकं बुजवणं, वाफ्यावर बारीक जाळी टाकणं आणि लागवड अर्धवट सावलीत ठेवणं, हेच उपाय.

मोठ्या फुलांना घरोघरी नेलं ते एका व्यवसायाने. स्कॉटलंडच्या डम्फ्रीसमधले सॅम्युअल आर्नॉट यांनी एल्विस यांना एक स्नोड्रॉप पाठवला होता. तो ग्लॉस्टरशरच्या चॅलफर्डमधल्या हाइड लॉजच्या बागेत वॉल्टर बट यांच्याकडे वाढला. पुढे ते घर ब्रिगेडियर मथायस आणि त्यांच्या पत्नी यांनी घेतलं. बागेत हजारो फुलं पाहून त्यांनी 'जायंट स्नोड्रॉप कंपनी' काढली आणि १९५०च्या दशकात लंडनच्या प्रदर्शनांत ती मांडली. १९६८च्या सुमारास कंपनी थांबली, तोवर 'एस. आर्नॉट' देशभर पोचला होता. भराभर वाढणारा कंद, भरीव गोलसर फूल आणि उन्हात मधासारखा वास, अशी ही जात आहे. सुरुवात करणाऱ्याने हिलाच मापदंड मानावं असं आमचं ठाम मत आहे.

जातींची तुलना करताना बहुतेक जण एकच चूक करतात. नुकत्याच विकत आणलेल्या कंदाचं फूल जुन्या गड्ड्यातल्या फुलाशी ताडून बघतात. फुलाचा आकार कंदाच्या वजनावर ठरतो. चार-पाच वर्षं न उकललेल्या दाट गड्ड्यात मोठ्या जातीचं फूलही लहान होतं. हिरव्या पानांसकट उपटून विकलेल्या कंदाची मुळं तुटलेली असतात, ती त्या हंगामात पुन्हा नीट वाढत नाहीत, आणि पुढच्या वर्षीचं फूल खुजं येतं. म्हणून प्रत्येक जातीचे सारख्या जाडीचे पाच कंद एकाच वाफ्यात ८ ते १० सेंटिमीटर खोल लावावेत. माती पानांच्या खताची, पाणी न साचणारी असावी. दोन हंगाम नुसतं वाढू द्यावं आणि तिसऱ्या हंगामात मोजावं. मोजायचं ते प्रत्येक कंदाचं पहिलं फूल, थंड सकाळी, मिटलेलं असताना. साधारण १० अंशांच्या वर पाकळ्या पसरतात आणि फूल आहे त्यापेक्षा मोठं भासतं. शिवाय फूल जुनं होतं तशी पाकळी थोडी लांबत जाते, त्यामुळे आज उमललेलं आणि दहा दिवसांपूर्वीचं फूल एकत्र मोजू नये.

एका दुर्मीळ कंदाचे अनेक करायचे तर जुलैच्या सुमारास, कंद निद्रिस्त असताना, तो उभा कापतात. कांदा चिरताना मुळाकडची चकती शाबूत ठेवली तर पापुद्रे सुटत नाहीत, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. इथेही तेच. कांदा आणि स्नोड्रॉप शेवटी एकाच ॲमॅरिलिडेसी कुळातले. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कंदाचे सोळा भाग करायचे. मग दोन-दोन पापुद्रे जोडलेले राहतील असे तुकडे करायचे, प्रत्येकाला बुडाच्या चकतीचा अंश हवाच. चकती नसलेला तुकडा कुजतो. तुकडे बुरशीनाशकात बुडवून, निथळून, दहा भाग व्हर्मिक्युलाइटला (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाला) एक भाग पाणी अशा ओलसर मिश्रणासह प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात आणि अंधारात, २० अंशांच्या आसपास, बारा आठवडे ठेवतात. पापुद्र्यांच्या बेचक्यात गव्हाच्या दाण्याएवढे कंद दिसू लागतात. त्यांना फूल यायला आणखी तीन-चार वर्षं लागतात. नव्या जाती महाग राहतात त्याचं एक मोठं कारण हा काळ. २०२२ मध्ये 'गोल्डन टिअर्स'चा एक कंद १,८५० पौंडांना गेला, पण तो किमतीला चढला ते पिवळ्या रंगामुळे. बाजार आज रंगामागे आहे, त्यामुळे जुन्या भरदार जाती परवडतात.

तुलनेसाठी जुन्या तीन जाती पुरतात. जानेवारीत 'ॲटकिन्सी', फेब्रुवारीत 'एस. आर्नॉट', शेवटी 'स्ट्रॅफन'. 'ॲटकिन्सी' घेताना फूल बघूनच घ्यावं. त्याच नावाखाली 'जेम्स बॅकहाऊस' सर्रास विकला जातो, आणि त्याच्या फुलात बरेचदा एखादी जास्तीची, वेडीवाकडी पाकळी असते. 'स्ट्रॅफन'च्या बाबतीत पहिलं फूल कोमेजताच गड्डा हलवायची घाई करू नये, दुसरा दांडा अजून यायचा असतो.