चक्का, ग्रीक योगर्ट आणि घाटापलीकडचं दूध

पणजी, पर्वरी किंवा मडगावातल्या मोठ्या दुकानांत फ्रिजच्या एका फळीवर हल्ली ग्रीक योगर्टचे छोटे डबे ओळीने लावलेले असतात. खालच्या फळीवर पाकिटातलं साधं दही. दोन्हींचा भाव किलोवर आणून पाहिला की काही पटींचा फरक निघतो. म्हणूनच चांगलं आणि खिशाला झेपणारं ग्रीक योगर्ट गोव्यात मिळतं का, हा प्रश्न सारखा कुणीतरी विचारत असतं. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

पदार्थ सोपा आहे. दही लावायचं, फडक्यात बांधायचं, निवळी गळू द्यायची. ग्रीसमध्ये हे होतं, तुर्कस्तानात होतं, लेबनॉनमध्ये लबने म्हणून होतं आणि आपल्याकडे पाडव्याच्या आदल्या रात्री खुंटीला टांगलं जातं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत चक्क्याची स्वतंत्र व्याख्या आहे: निवळी काढलेलं दही, त्यात एकूण घनपदार्थ किमान ३० टक्के. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात अशा घट्ट केलेल्या दह्याला किमान ५.६ टक्के प्रथिनांची अट आहे. कागदोपत्रीसुद्धा आपला चक्का या कुटुंबात पाहुणा नाही.

तरीही जगात नाव झालं ते ग्रीसचं, आणि ते व्यापारामुळे. अथेन्समध्ये १९२६ साली फिलिप्पू कुटुंबाने दूधदुभत्याचं दुकान काढलं. त्यातूनच पुढे फाये (Fage) ही कंपनी उभी राहिली आणि १९९८ मध्ये ती अमेरिकेत पोहोचली. २००५ मध्ये तुर्कस्तानातून आलेल्या हमदी उलुकाया यांनी न्यूयॉर्क राज्यात क्राफ्ट कंपनीने बंद केलेला दही कारखाना विकत घेतला. २००७ मध्ये तिथून चोबानी या नावाने ग्रीक योगर्टचे पहिले डबे बाहेर पडले आणि काही वर्षांत अमेरिकेतला दह्याचा बाजारच पालटला. ब्रिटनमध्ये या दोन कंपन्या कोर्टात भिडल्या. तिथल्या न्यायालयाने २०१३ मध्ये, आणि पुढच्या वर्षी अपिलातही, ग्रीसबाहेर बनलेल्या मालावर ‘ग्रीक योगर्ट’ लिहायला मनाई केली. असा माल तिथे ‘ग्रीक स्टाइल’ म्हणूनच विकतात.

भारतात चक्का यंत्रावर करण्याचं काम याच्या बऱ्याच आधी झालं होतं. बडोद्याच्या सुगम डेअरीने फडक्याऐवजी सेपरेटर यंत्र वापरून श्रीखंडाचं मोठं उत्पादन सुरू केलं; इकडे वारणेचं श्रीखंड घराघरांत गेलं. पण सगळा चक्का साखरेतच जात होता. बिनसाखरेचा चक्का रोज वाटीभर खायचा, हे आपल्या डोक्यातच नव्हतं. सणाच्या दोन दिवस आधी मिठाईवाला किलोने विकणार, सण सरला की विषय संपला. ही रिकामी जागा २०१५ मध्ये मुंबईच्या एपिगामिया या ग्रीक योगर्टच्या ब्रँडने हेरली. मग इतरही उतरले. जिमला जाणारी मंडळी प्रथिनांचे ग्रॅम मोजू लागली होतीच. त्यातली फळांच्या फ्लेवरची, साखर घातलेली प्रकरणं म्हणजे माझ्या मते श्रीखंडाची पातळ आणि महागडी भावंडं; पण खपतात तीच जास्त.

आता गोवा. आपल्या स्वयंपाकात दाटपणा आणि स्निग्धपणा नारळाच्या रसातून येतो, दुधातून नव्हे. आंबटपणाला सोलं आहेत, ख्रिस्ती घरांत व्हिनेगर आहे. दही लागतं ते ताकाला, कढीला, पंचामृताला. सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानांतले गवळी-धनगर म्हशी राखून दूध-लोणी विकत, तेही बेताचंच. इथली गावठी गाय, जिची आता श्वेतकपिला म्हणून देशपातळीवर स्वतंत्र जात नोंदली गेली आहे, तिच्या दुधाला स्निग्धांश बरा, पण देते दिवसाला सरासरी तीन लिटरच्याही आत. अशा गायीच्या जिवावर चक्क्याचा धंदा उभा राहत नाही. फोंड्याजवळ कुर्टीला गोवा डेअरी आली, संकरित गायींसाठी सरकारची कामधेनू योजना आली, तरी स्थानिक दूध गरजेला पुरत नाही. कोल्हापूरकडून, बेळगावकडून, अगदी गुजरातच्या संघांच्या नावाने विकलं जाणारं दूध आपण पितो. पावसात घाटात दरड आली की सकाळचं पाकीट उशिरा येतं, यात कुणाला नवल वाटत नाही.

ग्राहक मात्र गोव्यात लवकर तयार झाला. साठच्या दशकाच्या शेवटी हणजुणच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, त्यांच्यामागून हरमलपर्यंत परदेशी लोक राहू लागले, आणि फळं, म्युसली, दही असा नाश्ता शॅकच्या मेनूवर स्थिरावला. इस्रायली पोरं आली तशी हम्मसच्या शेजारी लबने दिसू लागलं; काकडी-लसणीची ग्रीक त्झात्झिकीही आली. शॅकच्या स्वयंपाकघरात त्यासाठी लागणारं दही कित्येकदा तिथेच फडक्यात बांधलेलं असतं. किनाऱ्यावर हे नेहमीचं झालं तरी आत डिचोली-पेडण्याच्या गिऱ्हाइकापर्यंत ते पोहोचलं नाही. तिथे पोहोचला तो कंपनीचा डबा, आणि तोही त्याच्या भावासकट.

हा भाव निव्वळ नावाचा नाही. घट्ट, सात-आठ टक्के प्रथिनांचं एक किलो दही करायला अडीच लिटरच्या आसपास दूध जातं. लिटरला साठ रुपये धरले तर दीडशेचं नुसतं दूध झालं. त्यावर डबा, कमिशन, जाहिरात, आणि कारखान्यापासून म्हापशाच्या दुकानापर्यंत न तुटणारी थंड साखळी. आपल्या दमट उकाड्यात ही साखळी तुटली तर माल आंबटतो. शिवाय जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या दह्यावर पाच टक्के जीएसटी बसला.

स्वस्त डब्यांत वेगळी युक्ती असते. निवळी गाळायचीच नाही. दुधाची पावडर, दुधाची प्रथिनं किंवा स्टार्च घालून दही घट्ट करायचं. पावडर वाईट नाही, पण स्टार्चच्या दाटपणाचे पैसे का मोजायचे? समोरचं चित्र सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. शंभर ग्रॅमला प्रथिनं सातच्या वर, घटकांत फक्त दूध आणि विरजण, साखर वेगळी घातलेली नाही, असा साधा डबा मिळाला तर मोठ्या आकाराचा घ्यावा. चारशे ग्रॅमचा डबा छोट्या कपांपेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतो.

त्याहून स्वस्त म्हणजे घरचं, पण त्यात गोव्याची एक अडचण आहे. देशावरच्यासारखं दही रात्रभर खुंटीला टांगलं तर इथे सकाळी तोंड वाकडं होईल इतकं आंबट होतं. विरजण चार-पाच तासांतच लागतं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाकायचं. गार झालेलं दही पंचा घातलेल्या स्टीलच्या चाळणीत ओतून, खाली पातेलं ठेवून, गाळायचंही फ्रिजमध्येच. पाच-सहा तासांत पातेल्यात हिरवट-पिवळी निवळी जमते आणि वर उरतं ते लिटरला चारशे-साडेचारशे ग्रॅम भरतं. फुल क्रीम दूध वापरलं तर स्निग्धांश सगळा वरच राहतो आणि पदार्थ लबनेच्या जवळ जातो. प्रथिनांसाठी खायचं असेल तर तीन टक्के स्निग्धांशाचं टोन्ड दूध बरं. निवळी कढीत किंवा चपातीच्या पिठात जिरते. एवढाही खटाटोप नको असेल, तर ओळखीच्या मिठाईवाल्याकडे पाडवा-दसऱ्याखेरीजही बिनसाखरेचा चक्का सांगून ठेवता येतो. फोंडा-म्हापशाकडे काही जण आगाऊ सांगितलं की देतात.