सगळ्या लाल डागांना हेमँजिओमा म्हणणं आता थांबवा

बाळाच्या त्वचेवरचा स्ट्रॉबेरीसारखा लालभडक, वर आलेला गोळा म्हणजे हेमँजिओमा, हे हल्ली प्रत्येक आईबाबांना मोबाईलवर शोधून शोधून पाठ झालेलं असतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींची गाठ, कॅन्सर नाही, मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये जास्त. झालं.

खरा घोळ पोर्ट वाइन स्टेनचा. तोही लाल, तोही बहुतेकदा चेहऱ्यावर, आणि घरात दोन्हीला एकच शब्द, लासं. मग कोणीतरी आत्या सांगते, जाईल गं आपोआप, आमच्या पिंकीचं नाही का गेलं. अहो पिंकीचं गेलं कारण तो हेमँजिओमा होता! पोर्ट वाइन ही गाठच नाही, ते मालफॉर्मेशन, म्हणजे केशवाहिन्या पोटातच चुकीच्या घडल्यात, तिथे पेशी भराभर वाढत नाहीत आणि मग विरतही नाहीत. हा फरक 1982 मध्ये मुलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी मांडला, तरी अजून रिपोर्टात काहीही निळं-लाल दिसलं की 'कॅव्हर्नस हेमँजिओमा' हे जुनं, सरसकट नाव लिहून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, डाग कसा बदलत गेला ते बघा. हेमँजिओमा जन्माच्या वेळी बहुधा नसतो, किंवा जेमतेम फिकट खूण असते, मग पहिल्या काही आठवड्यांत फुगायला लागतो, बाळापेक्षा जास्त वेगाने, सगळ्यात जोरात पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास. पाच महिन्यांपर्यंत बरीचशी वाढ उरकते, आणि वर्षाच्या आसपास राखाडी होत होत उतरायला लागतो. पोर्ट वाइन पहिल्या दिवशीच पूर्ण असतो, सपाट, आणि बाळ जेवढं मोठं होईल तेवढाच तो ताणला जातो, वयाबरोबर गडद आणि जाडही होऊ शकतो. लोक दोन्हीबद्दल 'जन्मापासूनच आहे' असंच सांगतात, म्हणून मी म्हणते तोंडी सांगण्यावर विसंबूच नका, मोबाईलमधला पहिल्या दिवसाचा फोटो काढा आणि दीड महिन्याचा त्याच्या शेजारी ठेवा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. (जन्मतःच पूर्ण वाढलेले हेमँजिओमा असतात, पण ते दुर्मिळ.)

खोलातला हेमँजिओमा मात्र फसवतो, वरून त्वचा फक्त निळसर दिसते आणि उशिरा लक्षात येतो, त्यामुळे शिरांच्या मालफॉर्मेशनशी गल्लत होते. हे मालफॉर्मेशन मऊ असतं, दाबलं की बसतं, बाळ रडलं की फुगतं. शंका असेल तर सोनोग्राफी.

मानेच्या मागचे, पापणीवरचे फिकट गुलाबी चट्टे तिसरेच, पापणीवरचे बहुधा एकदोन वर्षांत फिके पडतात, सोडून द्या. आणि ग्रहणात काही चिरलं म्हणून डाग आला, हे ऐकून मी आता वादही घालत नाही.

'वाट बघू' हा सल्ला छोट्याशा, पाठीवरच्या हेमँजिओमाला ठीक आहे. डोळ्याजवळ असेल, ओठावर, नाकाच्या टोकावर, हनुवटी-गळ्याच्या भागात, किंवा अंगावर पाच किंवा जास्त असतील, तर महिन्याभराच्या आत दाखवा, कारण वाढीचा काळ एकदाच येतो. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की हृदयाचं जुनं औषध प्रोप्रॅनोलॉल हेमँजिओमा आकसवतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं, आणि उपाशीपोटी कधीच नाही, साखर उतरू शकते. बाळ नीट दूध पीत नसेल किंवा उलट्या होत असतील त्या दिवशी डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

पोर्ट वाइनवर हे औषध चालत नाही, तिथे पल्स्ड डाय लेझर (डागातल्या रक्तवाहिन्यांवर मारा करणारं लेझर), आणि कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर आधी डोळ्याचा दाब आणि फिट्सबद्दल विचारा, लेझर नंतर.